नागपूरचं घर, कूलरची ओल आणि बायकोच्या शिंका

नागपुरात घरात ओल असते म्हटलं की बाहेरगावचे लोक मानतच नाहीत, त्यांच्या डोक्यात नागपूर म्हणजे मे महिन्यातली पंचेचाळीस डिग्री आणि दुपारचे सामसूम रस्ते. ते आहेच, पण वर्षाचा हिशोब नीट मांडला तर आमच्या घरातली हवा कोरडी राहते असे महिने फार थोडे निघतात. एप्रिलपासून कूलर रात्रभर पाण्यावर चालतो, जूनच्या मध्यात पाऊस येतो तो सप्टेंबर संपेपर्यंत असतो, मधे झड लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, म्हणजे अर्धं वर्ष घरात दमटपणा आणि आपण मात्र समजतो की आपलं गाव कोरडं आहे. हे सगळं सांगून राहिलो कारण माझ्या बायकोच्या ॲलर्जीच्या मागे लागून आम्ही घर साफ करायची पूर्ण पद्धतच बदलली आणि त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं हे कळलं की धूळ नंतर, आधी ओल.

तिचा त्रास असा होता की सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवायच्या आत शिंका सुरू, एकामागून एक, नाक गळणार, डोळे चोळून चोळून लाल, दहा-अकराच्या सुमारास जरा बरं वाटणार, आणि पावसाळ्यात रात्री छातीतून सूं सूं आवाज. वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या. घरात, नात्यात, शेजारी सगळ्यांचं मत एकच, धुळीची ॲलर्जी आहे, घर जास्त झाडत जा. मग ती चादरी झटकणार, पडदे झटकणार, गादी बडवणार, फडा घेऊन जाळे काढणार आणि सगळं उरकलं की तासभर शिंकत बसणार, संध्याकाळी श्वासाचा पंप (इनहेलर) घ्यावा लागणार. ज्याला धुळीचा त्रास त्याच्याच हातात झाडू, हे आपल्याकडे घरोघरी चालू आहे आणि मला आता याचा खरंच राग येतो.

शेवटी रामदासपेठेत छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी मशीनमध्ये जोरात फुंकायला लावून फुफ्फुसाची टेस्ट केली आणि मग त्वचेवरची प्रिक टेस्ट करू म्हणाले. या टेस्टच्या आधी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते नाहीतर काहीच उमटत नाही, तो आठवडा तिने कसा काढला तिलाच माहीत. टेस्ट मात्र सोपी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने नंबर टाकतात, प्रत्येक नंबरपाशी एकेक थेंब ठेवतात, थेंबातून कातडीला बारीकसं टोचतात, रक्त येत नाही, आणि 15-20 मिनिटं बसून राहायचं. एक थेंब नुसत्या सलाइनचा असतो, तिथे काही यायला नको, आणि एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाचा, तिथे गांध यायलाच पाहिजे, त्या दोघांच्या मापाने बाकीच्या बघतात आणि सलाइनपेक्षा 3 मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांध आली की पॉझिटिव्ह. तिच्या हातावर डस्ट माइटच्या, म्हणजे धुळीतल्या बारीक जिवाच्या, दोन्ही थेंबांवर टम्म गांधी उठल्या, कडेने लाल लाल पसरलेलं, झुरळाच्या थेंबावर त्याहून लहान आणि एका बुरशीच्या थेंबावर थोडीशी. गाजर गवताच्या थेंबावर काहीच नाही! आमच्या बाजूला रिकामा प्लॉट आहे, पावसात गाजर गवत कमरेएवढं वाढतं, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं त्याच्याकडे बोट दाखवत होतो. म्हणून सांगतो, आधी टेस्ट करा, नाहीतर माणूस भलत्याच गोष्टीशी भांडत बसतो.

डॉक्टरांनी मग माइटचं समजावून सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहितो कारण हे कळल्याशिवाय पुढची सफाई कशाला करायची तेच कळत नाही. हा जीव 0.2 ते 0.3 मिलिमीटरचा, आठ पायांचा, कोळी-गोचिडाच्या कुळातला, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज जी कातडीची भुकटी गळते ती खातो, म्हणून गादी, उशी, पांघरूण हे त्याचं घर. आणि हा पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच अंगात शोषून घेतो. हवेतली आर्द्रता 70-80 टक्के असली की त्याची चंगळ, आणि सतत 50 टक्क्यांच्या खाली राहिली की हळूहळू वाळून मरतो. आपल्याला त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा, ती इतकी बारीक असते की चादर झटकली की हवेत उडते आणि खाली बसायला अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. एवढं सांगून डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या बेडरूममध्ये कूलर आहे का?"

नागपुरात बेडरूममध्ये कूलर आहे का हा काय प्रश्न झाला! पण त्या प्रश्नापासूनच आमचं काम सुरू झालं.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल मीटर मिळतं, ऑनलाइन काही शे रुपयांत, ते मागवलं आणि मी ते घरभर घेऊन फिरलो. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर 20 च्या आसपास आकडा, घसा कोरडा पडेल अशी हवा. तेच मीटर बेडरूममध्ये ठेवलं, कूलर चालू आणि समोरची खिडकी लावलेली, तर आकडा 70 च्या पार. बाहेर माइट जगूच शकणार नाही अशी कडक हवा, आणि आत बिछान्यापाशी भर उन्हाळ्यात श्रावण. त्या दिवसापासून आमच्या घरात हे मीटर पलंगाजवळच असतं आणि बाकी काही नाही केलं तरी चालेल पण ही एक वस्तू घ्याच असं मी सगळ्यांना सांगतो, कारण ओल डोळ्यांना दिसेपर्यंत भिंतीवर काळे ठिपके आलेले असतात.

कूलरचं मग काय काय केलं ते नीट सांगतो. कूलर काढून टाका म्हणणं नागपुरात कोणाला शोभत नाही, सगळ्यांना एसीचं बिल परवडत नाही आणि आईला तर एसीची हवा सोसतच नाही. आम्ही कूलर बेडरूममधून काढून हॉलच्या खिडकीत बाहेरच्या बाजूने लावला. कूलर नेहमी बाहेरची कोरडी हवा ओढणारा पाहिजे आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे, म्हणजे ओली हवा खोलीत न साचता निघून जाते, हा त्याच्या चालण्याचाच नियम आहे, पण मच्छर येतात म्हणून अर्धे लोक सगळं बंद करून झोपतात. जाळी लावा, पण उघडं ठेवा. मध्यरात्रीनंतर हवा तशीही उतरते तेव्हा कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की कूलरचं पाणी पूर्ण बंद, कारण तेव्हा तो गार करतच नाही, नुसती चिपचिप वाढवतो, तरी लोक सवयीने भरत राहतात.

दुसरी गोष्ट कूलरच्या आतली. मार्चमध्ये कूलर गच्चीवरून काढला की आपण नवीन गवत किंवा खस टाकतो, टाकी वरवर धुतो आणि झालं. जुन्या गवताला हात लावून बघा, खालचा भाग काळपट आणि चिकट झालेला असतो, आणि कूलर सुरू केला की पहिल्या दोन मिनिटांत मासोळीसारखा वास येतो ना, तो त्या कुजलेल्या गवताचा आणि टाकीतल्या शेवाळाचा वास आहे. आमचं बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर गवतावर बसतो, मग पाणी सगळीकडे सारखं पाझरत नाही. आता आम्ही दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करतो, ब्रशने घासतो, दिवसभर उन्हात कोरडी पडू देतो. तसंही डेंग्यूचा मच्छर अशाच साठल्या पाण्यात अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, त्यामुळे आठवड्याचा एक कोरडा दिवस दोन्ही कामं करतो. गवत हंगामाच्या मधे एकदा बदलतो. आई म्हणाली, "अरे, खसचा वास किती छान येतो, तो तरी राहू दे," तर खस ठेवली, पण रात्री पंप बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालू ठेवतो म्हणजे ती वाळते, ओली तशीच राहत नाही.

आता गादी. विदर्भात कापूस पिकतो, त्यामुळे घरोघरी कापसाच्या गाद्या, आणि आमची तर लग्नातली. कापसाची गादी वाईट नाही, उलट तिला ऊन देता येतं, पिंजून घेता येते, फोमच्या गादीला यातलं काही होत नाही. आम्ही नवतपा लागायची वाट पाहिली. मे संपता संपता ते जे नऊ दिवस ऊन ओकतं त्यात दोघं-तिघं मिळून सगळ्या गाद्या, उश्या, दिवाणातल्या रजया, गोधड्या गच्चीवर नेल्या, स्लॅबवर जुन्या चादरी अंथरून त्यावर पसरल्या, सकाळी दहापासून चारपर्यंत, दुपारी पलटवायच्या. हात टेकवत नव्हता इतक्या तापल्या होत्या. असल्या कोरड्या उन्हात माइट मरतात. पण मेलेल्या माइटचं शरीर आणि ती विष्ठा तिथेच राहते, ऊन दिल्याने ॲलर्जी करणारा पदार्थ जात नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. म्हणून उन्हानंतर मी मास्क लावून गच्चीच्या टोकाला, वारा घरापासून दूर जात असताना, गाद्या बडवल्या आणि मग पिंजाऱ्याकडे पाठवल्या. पिंजारी आधी म्हणाला घरी येऊन अंगणात पिंजून देतो, मी म्हटलं नको दादा, दुकानावरच करा, कारण पिंजताना जो धुरळा उडतो तो पाहिला तर कोणीही म्हणेल की हा घराजवळ नको. बायको तेवढे दिवस माहेरी वर्ध्याला होती.

पिंजून नवीन खोळ घातलेल्या गादीवर मग माइटसाठीचं कव्हर चढवलं, चारी बाजूंनी गादी आत जाते आणि चेन लागते असं. यात एक बघून घ्यायचं, कापडाची वीण 10 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असली पाहिजे, तरच आतलं बाहेर येत नाही आणि वरची कातडीची भुकटी आत जात नाही. बाजारात रेक्झिनसारखी प्लास्टिकची कव्हरं स्वस्त मिळतात, आमच्या एका नातेवाईकाने ती लावली होती, नागपूरच्या गर्मीत त्यावर झोपता येत नाही, घामाने चादर भिजते आणि ओल पुन्हा वाढते. विणलेल्या कापडाचंच घ्या. सावरीच्या जुन्या उश्या आम्ही सरळ काढून टाकल्या, आईला वाईट वाटलं कारण त्यातली सावर तिच्या माहेरच्या झाडाची होती, पण त्या धुता येत नाहीत आणि तोंड-नाक रात्रभर उशीवरच असतं. आता धुता येणाऱ्या उश्या आहेत आणि त्यांनाही तसंच कव्हर.

चादरी, उशीचे अभ्रे, पांघरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात, आणि गरम म्हणजे 60 डिग्री. थंड पाण्याने विष्ठा बरीचशी धुऊन जाते कारण ती पाण्यात विरघळते, पण जिवंत माइट मरत नाहीत, ते धाग्याला धरून बसतात. आमची मशीन वरून कपडे टाकायची आहे, तिला पाणी तापवायची सोय नाही, तर मी गंजात (पातेल्यात) पाणी उकळून बादलीतल्या नळाच्या पाण्यात मिसळतो, थर्मामीटरने बघतो, त्यात चादरी अर्धा तास बुडवून ठेवतो आणि मग मशीनमध्ये टाकतो. रंग थोडे जातात, म्हणून बिछान्यासाठी पांढऱ्या किंवा फिक्या सुती चादरीच घेतो आता. पोराचे कापडी अस्वल आणि ससा गरम पाण्यात टाकता येत नव्हते, ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवले आणि नंतर साध्या पाण्याने धुतले, थंडीनेही माइट मरतात. पोरगा रोज फ्रीझर उघडून सशाची तब्येत विचारायचा.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. उन्हाळ्यात नुसत्या खिडक्या उघडल्या तरी आकडा उतरतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच 80-85 असतं तेव्हा खिडकी उघडून ओल आत घेणंच होतं. झड लागली की आपण कपडे कुठे वाळवतो? घरात, पंख्याखाली, खुर्च्यांवर, दोरीवर. एका वेळच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी तरी त्याच खोलीच्या हवेत जातं. मीटरचा आकडा वर चढताना मी स्वतः पाहिला आहे. आता कपडे फक्त मागच्या शेडमध्ये, तिथे एक जुना टेबल फॅन लावून ठेवला, दोन दिवस लागतात पण आत एक रुमालही वाळत नाही. स्वयंपाक आणि आंघोळ सुरू असताना एक्झॉस्ट चालू आणि नंतर अर्धा तास चालूच. बेडरूममध्ये जुना एसी होता, तो पावसाळ्यात ड्राय मोडवर संध्याकाळी दोन तास चालवतो, दारं-खिडक्या लावून, तेव्हा आकडा 55 च्या आसपास येतो. 50 च्या खाली रोज आणणं आमच्याकडे भर पावसात जमत नाही हेही खरं सांगतो, पण 80 आणि 55 यांत झोपणाऱ्याला फरक पडतो. बिल थोडं वाढलं, पंपाचा आणि गोळ्यांचा खर्च कमी झाला, घरात कोणी तक्रार केली नाही.

फरशीचं पण तसंच. मावशी भरपूर पाण्याने पोछा मारायच्या, फरशी चकचकीत पण तासभर ओली. त्यांना समजावून सांगितलं की मावशी, पोछा घट्ट पिळून घ्या आणि पंखा लावूनच पुसा. आणि झाडायच्या आधी सामानावरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची, कोरड्या फडक्याने झटकायची नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, झटकल्याबिगर साफ झालं असं वाटत नाही ना." ते मलाही पटतं, झटकण्याचा आवाज झाला की काम झाल्यासारखं वाटतं. पण दोन-तीन आठवड्यांनी त्यांनीच सांगितलं की आता घरी गेल्यावर त्यांचाही खोकला कमी झाला. त्यांना मास्क आम्ही आणून देतो, जाळे काढायचं काम मी करतो आणि त्या वेळी बायको बाहेर असते, नंतरही अर्धा तास खोलीत येत नाही.

बुरशीने मात्र दमवलं. बाथरूमला लागून जी भिंत आहे तिला लावून लाकडी आलमारी होती. पोळ्याच्या आसपास ती सरकवली तर मागे हातभर जागेत काळे-हिरवे ठिपके, रंगाचे पोपडे सुटलेले आणि तो कुबट वास, जो आम्हाला वाटायचा की जुन्या साड्यांचा आहे. कोरड्या ब्रशने घासलं तर बुरशीची भुकटी सगळ्या खोलीत उडते, म्हणून आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून भिजवायची, मग फडक्याने पुसायची, ते फडकं फेकून द्यायचं, मग पुन्हा पुसायचं आणि पंखा लावून भिंत खडखडीत वाळवायची. आम्ही हे सगळं दार लावून, मास्क-हातमोजे घालून केलं. टाइल्सवर ब्लीच वापरलं, पण कळकळीने सांगतो, ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, दम्याच्या माणसाला तर तो जिवावर बेतू शकतो. आणि बुरशीवर रंग मारून काही होत नाही, ती नुसती मरूनही पुरत नाही, मेलेली बुरशी पण ॲलर्जी करते, पुसून काढावीच लागते. आलमारी आता भिंतीपासून चार बोटं पुढे आहे, दारं आठवड्यातून एकदा पंख्यासमोर उघडी, आणि आत कपडे कोंबलेले नाहीत.

23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घरात तळमजल्यावर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर त्यांनी गाद्या, सोफा वाळवून ठेवले कारण एवढ्या महागाच्या वस्तू फेकवत नाहीत, आणि दिवाळीपर्यंत घरातली दोन माणसं खोकून राहिली होती. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जी कापसाची किंवा फोमची वस्तू पूर्ण वाळत नाही तिच्यात बुरशी धरतेच, ती वाचवण्यात अर्थ नाही. कोणाच्या घरी असं झालं तर मदतीला जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी गाद्या उचलायला लागावं, भांडी नंतर घासता येतात.

बाकीचं पटकन सांगतो. झुरळांसाठी स्प्रे बंद केला, त्याच्या वासानेच छाती भरते, जेल लावलं सिंकखाली आणि फ्रिजच्या मागे, रात्री खरकटं ठेवत नाही आणि गळका नळ बदलला, झुरळालाही पाणीच लागतं. संध्याकाळचा धूप आणि मच्छर अगरबत्ती यांच्या धुराची ॲलर्जी नसते पण सुजलेल्या श्वासनळ्यांना तो झोंबतो, आईने आपणहून देवापुढे फक्त तेलाचा दिवा ठेवला, बाकी बंद, हे तिने सुनेसाठी केलं याचं मला फार मोल आहे. एअर प्युरिफायर घ्यावा का असं सगळे विचारतात. आम्ही डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की माइटचा माल जड असतो, थोड्या वेळात खाली बसतो, हवेत तरंगत असेल तेवढंच मशीन ओढणार, तेव्हा ते पैसे आधी गादीवर खर्च करा. व्हॅक्यूम क्लीनर मात्र घेतला, हेपा फिल्टरचा, जो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, कारण साध्या फिल्टरच्या मशीनमधून बारीक धूळ मागून परत बाहेर येते. सोफा आणि गादीचे कोपरे त्यानेच करतो. पडदे जाड होते ते काढून पातळ सुती लावले, महिन्यातून एकदा धुतो. हॉलमधला गालिचा भाचीला दिला, तिच्या घरी कोणाला त्रास नाही.

फरक किती पडला? औषध सुटलेलं नाही, नाकातला स्प्रे आजही सुरू आहे आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नुसत्या गादीच्या कव्हराने दमा कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, सगळं मिळून आणि सतत करावं लागतं, औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. पण सकाळच्या शिंका आता एखाद-दोन, कधी तर नाहीच. गेल्या पावसाळ्यात झड असतानाही ती रात्रभर झोपली, पंप उशीजवळ असतो पण हात क्वचितच जातो. मारबतीच्या मिरवणुकीला आम्ही कित्येक वर्षांनी महाल भागात जाऊन आलो, त्या गर्दीत आणि गुलालात जायची तिची आधी हिंमतच नव्हती, या वेळी मास्क लावून तासभर उभी राहिली आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" पोरांबरोबर ओरडलीसुद्धा. महालक्ष्म्यांच्या आधीची जी मोठी सफाई असते ती मी आणि माझ्या धाकट्या भावाने केली, ती आणि आई आतल्या खोलीत पुरणाचं बघत होत्या.

एक काम बाकी आहे. बाथरूमची ती भिंत आतून कितीही पुसली तरी पाणी बाहेरून आणि पाइपाच्या सांध्यातून येऊन राहिलं आहे, मिस्त्री बघून गेला, म्हणाला टाइल्स फोडून पाइप बदलावा लागेल आणि बाहेरून वॉटरप्रूफिंग, ते उन्हाळ्यातच करा म्हणजे प्लास्टर नीट वाळेल. एप्रिलमध्ये काढतो आहे. फोडाफोडीची धूळ उडेल ते चार-पाच दिवस ती आणि आई वर्ध्याला, आणि मिस्त्रीला सांगून ठेवलंय की काम संपल्यावर झाडू मारायचा नाही, पाणी शिंपडून मलबा गोण्यांत भरून न्यायचा.